पेनल्टीचं नंतर, आधी तो कंस बघ

ताई नमस्कार. मी सांगलीचा, विश्रामबागला राहतो, कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे. आम्ही सहा जण शाळेपासूनचे दोस्त. शनिवार-रविवार इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या फुटबॉल मॅचा एकत्र बघतो आणि सोमवारी संध्याकाळी शंभर फुटीला चहाच्या गाड्यावर सगळ्या वीकेंडचा हिशोब होतो, रेफ्रीनं कुणाचं खाल्लं, कोण कसं खेळलं, कुठल्या कोचला आता हाकलला पाहिजे. गेल्या महिन्यात माझी टीम आणि माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राची टीम समोरासमोर होती. आम्ही १-० नं हरलो. शेवटच्या दहा मिनिटांत त्यांच्या डिफेंडरच्या हाताला बॉक्समध्ये बॉल लागला, सरळसरळ पेनल्टी, रेफ्रीनं दिली नाही, व्हीएआरनं (व्हिडिओ बघून रेफ्रीच्या चुका सुधारणारे) पण दिली नाही. माझ्याकडं स्क्रीनशॉट आहे, हात अंगापासून केवढा लांब आहे ते शेंबडं पोरगं पण सांगेल. मी या सीझनची एक्सेल शीट पण केलीय, रेफ्रीच्या चुका नसत्या तर टेबल कसं दिसलं असतं याची, त्यात आमचे सात पॉइंट जास्त होतात. मित्र म्हणाला हात नॅचरल होता, आणि तुमची टीम सेकंड हाफमध्ये झोपली होती त्याचं बोल की, किती रडतोस. माझं डोकं फिरलं, शब्दानं शब्द वाढला (त्यात मी त्याला म्हणालो की तुला पळता येत नाही म्हणून तुला गोलमध्ये उभा करतो आम्ही, तू मला फुटबॉल शिकवू नको). तो चहा तसाच ठेवून गेला आणि रात्री ग्रुपमधनं लेफ्ट झाला. तीन आठवडे झाले, बोलणं बंद. पुढच्या महिन्यात टर्फवर टुर्नामेंट आहे, आमचा गोलकीपर तोच. बाकीचे म्हणतात सॉरी म्हणून मोकळा हो. आई म्हणते आमच्यात जमिनीच्या वाटणीला एवढं झालं नव्हतं. पण मुद्दा माझा बरोबर असताना सॉरी मी का म्हणू? आणि तुम्हीच सांगा, पेनल्टी होती का नव्हती? क्लिप आणि स्क्रीनशॉट जोडलाय.

ता. क. : दोन वर्षांपूर्वी गाडीवरनं पडून त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलंय. त्याआधी तो आमच्यात विंगर होता.

—

अरे बाबा, पहिल्यांदा बाकीच्या वाचकांसाठी सांगते, क्लबांची नावं मी पत्रातनं मुद्दाम काढलीत, कारण ती ठेवली असती तर याचा प्रश्न राहिला असता बाजूला आणि सगळी जनता त्या मॅचवरच तुटून पडली असती. स्मृती मानधनाच्या गावात पोरं क्रिकेट सोडून फुटबॉलवरनं एकमेकांशी बोलायची बंद झालीत हे वाचून खरं सांगायचं तर मला जरा गंमतच वाटली, पण ता. क. पर्यंत आले आणि गंमत गेली.

तुझं मूळ पत्र याच्या तिप्पट होतं, मी छाटलंय. त्यात पेनल्टीवर दीड पान आहे. डिफेंडरचा कोपर कुठं होता, बॉल किती फुटांवरनं आला, रेफ्री कुठल्या बाजूला उभा होता आणि त्याच्या मधे कोण आलं, सगळं बारीकसारीक. आणि ज्या वाक्यावर माणूस भरलेला कप ठेवून उठला ते वाक्य कुठं, तर कंसात. गुडघा तर पार तळाला, जसं काय पाकीट चिकटवता चिकटवता आठवलं. मला तू विचारतोयस पेनल्टीबद्दल, पण तो पेनल्टीवरनं उठलाच नाही रे. तसा उठणारा असता तर इतक्या वर्षांत दर सोमवारी उठला असता, तुमचं तर चालूच असतं.

विंगर म्हणजे टीममधला पळणारा माणूस, लाइनला धरून सुसाट सुटणारा. त्याचं पळणंच गेलं. असली दुखापत झालेली बरीच पोरं टर्फकडं फिरकत पण नाहीत नंतर, बघवत नाही त्यांना. हा ग्लोव्हज घालून गोलमध्ये जाऊन उभा राहिला, कशासाठी, तर तुमच्यात राहता यावं म्हणून. आणि तू ते त्याला चार लोकांसमोर गाड्यावर बोलून दाखवलंस, तेही 'आम्ही तुला उभा करतो' अशा भाषेत, म्हणजे उपकार केल्यासारखं. वर मला विचारतोस मुद्दा माझा बरोबर असताना सॉरी का म्हणू. तुझा कुठला मुद्दा? हँडबॉलचा असेल तर त्याबद्दल सॉरी कुणी मागितलेलंच नाहीये. तुझे बाकीचे दोस्त पण बहुतेक त्या कंसाबद्दलच बोलतायत, तू ऐकताना पेनल्टी ऐकतोयस.

बरं, आता पेनल्टी. टाळणार नाही, कारण टाळली तर तू म्हणणार ताईला फुटबॉल कळत नाही म्हणून भावनेचं सांगून कटवलं.

हाताला बॉल लागला म्हणजे हँडबॉल असं नसतं, हे तुला माहितीय, पण चिडल्यावर विसरायला होतं. एक तर हात मुद्दाम लावलेला असला पाहिजे, नाहीतर हातानं अंगाचा आकार अनैसर्गिक मोठा केलेला असला पाहिजे. आणि अनैसर्गिक कशाला म्हणायचं, तर त्या क्षणी तो जी हालचाल करत होता तिच्यातनं हात तिथं जाणं पटत नसेल तर. उडी मारणारा, घसरणारा, गर्रकन वळणारा माणूस हात खिशात घालून ते करत नाही, तोल सांभाळायला हात बाहेर जातातच. आता तुझा स्क्रीनशॉट बघ. त्यात हात अंगापासून लांब आहे, शंभर टक्के आहे. पण स्क्रीनशॉटमध्ये हालचाल कुठाय? तो वळत होता का आडवा पसरत होता हे थांबलेल्या चित्रातनं कळणारच नाही, आणि नियमाचा सगळा जीव तर तिथंच आहे. व्हीएआरच्या नियमावलीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे की स्लो मोशन वापरायचं ते कुठं लागला, बॉल लाइनच्या बाहेर गेला का असल्या गोष्टींना, पण टक्कर किती जोराची होती किंवा हँडबॉल धरायचा का हे बघायला नेहमीचा स्पीड. आणि तू तीन आठवडे बोटानं क्लिप थांबवून थांबवून बघतोयस. तसं बघितलं तर कुठलाही टॅकल खुनाचा प्रयत्न दिसतो.

दुसरं, व्हीएआर आलं तेव्हा ते चारच कामांना आलं. गोल, पेनल्टी, डायरेक्ट रेड कार्ड, आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड दिलं तर ते. त्यातही रेफ्रीचा निर्णय तेव्हाच बदलायचा जेव्हा चूक ढळढळीत असेल. व्हीएआरवाल्याला स्वतःला काय वाटतं हा प्रश्नच नसतो, मैदानावरच्या माणसानं जे दिलं ते उघडउघड चुकीचं आहे का एवढंच त्यानं बघायचं. मी तुझी क्लिप नेहमीच्या स्पीडला बघितली. मी रेफ्री असते तर पेनल्टी दिली नसती, डिफेंडर वळत होता आणि बॉल अगदी जवळनं आला. पण समज मैदानावर रेफ्रीनं दिली असती, तर व्हीएआरनं ती काढून पण घेतली नसती, कारण देणं पण ढळढळीत चूक नव्हती. म्हणजे तू म्हणतोस ते पण चालतं आणि तो म्हणतो ते पण चालतं. असल्या निर्णयावर महिनाभर भांडता येतं आणि कुणीच जिंकत नाही, फुटबॉलमधले निम्मे वाद याच जातीचे असतात.

खरी चूक कशी असते बघायची असेल तर ३० सप्टेंबर २०२३ ची टॉटनहॅम-लिव्हरपूल बघ. लिव्हरपूलच्या लुईस डियाझनं गोल मारला, लाइन्समननं ऑफसाइडचा, म्हणजे पास मिळताना तो नियमापेक्षा पुढं होता असा, फ्लॅग दिला, व्हीएआरच्या खोलीत रेषा ओढून बघितलं तर तो ऑनसाइड, पण खोलीतल्या माणसाचा गैरसमज असा की मैदानावर गोलच दिलेला आहे, म्हणून तो म्हणाला चेक पूर्ण, म्हणजे त्याच्या हिशोबानं गोल कायम. मैदानावर अर्थ लागला की ऑफसाइड कायम. खेळ सुरू झाला, मग खोलीत लक्षात आलं काय झालंय, पण एकदा खेळ सुरू झाल्यावर मागं जाता येत नाही. नंतर त्या लोकांनी स्वतः कबूल केलं आणि खोलीतलं बोलणं जनतेला ऐकवलं. लिव्हरपूल २-१ नं हरलं. ही चूक. यात 'मला वाटतं' नाहीये. २०१० च्या वर्ल्ड कपात जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा बॉल बारला लागून चांगला आत पडला आणि गोल दिला नाही, ती पण तशीच, तिच्यानंतर गोललाइन टेक्नॉलॉजीला, म्हणजे बॉल आत गेला का हे मशीननं बघायला, जोर आला आणि दोन वर्षांत मंजुरी मिळाली. ऑफसाइड, लाइनच्या आत-बाहेर, ही मोजायची कामं आहेत, ती मशीन करू शकतं. हँडबॉल ठरवणं हे माणसाचं काम आहे, तिथं शंभर कॅमेरे लावले तरी दोन मतं होणारच. तुझ्या एक्सेलमध्ये हे दोन्ही प्रकार एकाच कॉलममध्ये टाकलेत तू.

आता आलंच आहे तर त्या एक्सेलबद्दल. तू पाठवलीस, मी उघडली. रंग चांगले दिलेत. पण त्यात 'आपल्याविरुद्ध गेलेले निर्णय' असा कॉलम आहे आणि 'आपल्या बाजूनं गेलेले' असा नाही. एकदा पण नाही? अख्ख्या सीझनमध्ये रेफ्री एकदा पण तुमच्या बाजूनं चुकला नाही? असला निवडक हिशोब तुझ्या कंपनीतल्या अकाउंट्सवाल्याला दाखव, तो हसेल. दुसरी भानगड म्हणजे तू प्रत्येक ठिकाणी एक गोल मिळवून पॉइंट वाढवलेत, जसं काय बाकीची मॅच होती तशीच झाली असती. तसं होत नाही. डियाझचा गोल चौतिसाव्या मिनिटाचा होता, तो दिला असता तर त्यानंतरचा तासभर वेगळाच खेळ झाला असता, कुणी मागं बसलं असतं, कुणी पुढं आलं असतं. लिव्हरपूल जिंकलंच असतं असं कुणी सांगू शकत नाही, हरलं असतं असंही नाही. आणि तुझी पेनल्टी तर मिळाली असती तरी मारायची बाकीच होती.

मी तुला आपल्याच जखमेचं उदाहरण देते, कारण परदेशी क्लबांचं बोललं की लगेच डोकं गरम होतं. ११ जून २०२४, दोहा, भारत विरुद्ध कतार, वर्ल्ड कपची क्वालिफायर. आपल्या छांगतेनं सदतिसाव्या मिनिटाला गोल मारला, आपण १-० नं पुढं, जिंकलो तर पहिल्यांदाच तिसऱ्या राउंडला. त्र्याहत्तराव्या मिनिटाला त्यांचा हेडर आपला गोलकीपर गुरप्रीतनं अडवला, बॉल गोलपोस्टच्या शेजारनं लाइनच्या बाहेर गेला, पूर्ण बाहेर, आपली पोरं थांबली, त्यांच्या माणसानं पायानं बॉल आत ओढला आणि त्यांच्याच आयमेननं गोल केला. रेफ्रीनं गोल दिला. व्हीएआर त्या मॅचला नव्हतं. नंतर पंच्याऐंशीला अजून एक खाल्ला, २-१ नं हरलो, गेलो घरी. त्या रात्री अख्ख्या देशानं त्या रेफ्रीला जे काय म्हणायचं ते म्हणून घेतलं, मी पण म्हणून घेतलं आणि आजही त्यातला एक शब्द मागं घेणार नाही.

पण क्वालिफायरच्या त्याच ग्रुपमध्ये आपण काय केलं होतं? मार्चमध्ये अफगाणिस्तानबरोबर ०-०. पाच दिवसांनी तीच टीम गुवाहाटीत, आपल्या घरात, कॅप्टन छेत्रीची १५० वी मॅच, त्यानं पेनल्टीवर गोल मारून आघाडी दिली, आणि आपण १-२ नं हरलो. मग ६ जूनला कोलकात्यात, छेत्रीची शेवटची म्हणून तेव्हा जाहीर झालेल्या मॅचला, सगळं स्टेडियम भरलेलं, कुवेतबरोबर ०-०. ग्रुपच्या सहा मॅचमध्ये मिळून आपले गोल किती, तर तीन. अफगाणिस्तानला घरी हरवलं असतं तर दोहाला जाताना मानेवर सुरी नसती. यातलं कुठलंही सांगितलं की लोक म्हणतात तू कतारची बाजू घेतेस का. अरे कुणाची बाजू घ्यायचा संबंध काय? तो गोल देणं ही उघडउघड चोरी होती. आणि आपण वाईट खेळून त्या जागेपर्यंत स्वतःच आलो होतो. ही दोन्ही वाक्यं एका तोंडानं म्हणता येतात, एकामुळं दुसरं खोटं पडत नाही. तुझा मित्र त्या दिवशी गाड्यावर यातलं दुसरं वाक्य म्हणत होता आणि तुला वाटलं तो पहिलं खोडतोय.

आणि त्याचं दुसरं वाक्य मला महत्त्वाचं वाटलं म्हणून तेवढ्यासाठी मी सेकंड हाफ बघितला. झोपलेच होते रे तुमचे. मिडफिल्डमधले दोघं एकमेकांपासून इतके लांब की मधनं बैलगाडी जावी, आणि जो गोल खाल्ला तो त्याच मोकळ्या जागेतनं आला. गोलच्या आधीची पाच मिनिटं परत बघ, तीन वेळा बॉल त्याच ठिकाणी गमावलाय, उजवा बॅक वर गेलेला आणि त्याच्या मागं कुणी नाही. कोचनं बदली करायला पाऊण तास घेतला. यावर तू दीड पान लिहिलं असतंस तर मी आवडीनं वाचलं असतं. रेफ्रीवर बोलायला काही लागत नाही, स्क्रीनशॉट काढला की झालं, म्हणून सगळे तिथंच पडीक असतात. आपली टीम का खेळली नाही हे सांगायला नव्वद मिनिटं नीट बघावी लागतात, आणि तुमच्या सहा जणांत ते बघणारा एक माणूस आहे असं पत्रावरनंच कळतंय. गोलकीपरला अख्खं मैदान समोर दिसतं, म्हणून त्याला जागा दिसतात. त्यालाच तू म्हणालास फुटबॉल शिकवू नको.

रेफ्रीबद्दल पण थोडं बोलते. जानेवारी २०२५ मध्ये वुल्व्हज-आर्सेनल मॅचला रेफ्री मायकल ऑलिव्हरनं आर्सेनलच्या लुईस-स्केलीला डायरेक्ट रेड दाखवलं, व्हीएआरनं पण ते राहू दिलं. नंतर अपील झालं आणि ते कार्ड रद्द झालं, म्हणजे निर्णय चुकला होता हे अधिकृत. आर्सेनल ती मॅच १-० नं जिंकलं होतं बरं का. तरी त्या माणसाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, पोलिसांना तपास करावा लागला. आपल्याकडं तरी वेगळं काय आहे. आपला भाग कुस्तीचा, तुला सांगायला नको. २०२३ च्या महाराष्ट्र केसरीत बाहेरची टांग या डावाला चार गुण दिले त्यावरनं किती दिवस राडा चालला होता, प्रत्येक पारावर एक पंच बसलेला. आणि २०२५ ला अहिल्यानगरला तर निकाल पटला नाही म्हणून पैलवानानं पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी घेतली. त्या निकालाबद्दल लोकांची मतं आजही दोन आहेत, पण लाथेबद्दल एकच आहे. मुद्दा बरोबर असला तरी लाथ मारली की मग मुद्दा कुणाला आठवत नाही. तू त्या दिवशी शब्दांनी तेच केलंस.

म्हणून माझं म्हणणं, टुर्नामेंटच्या आधी कधीतरी दोन टीमच्या प्रॅक्टिस मॅचला शिट्टी तुझ्या हातात घे. एकच मॅच. टर्फ केवढंसं असतं, दहा माणसं, तरी तुला कळेल की बॉल कुणाला लागून बाहेर गेला हेच दिसत नाही, मधे कुणाची तरी पाठ येते, आणि दोन्ही बाजूंनी ओरडा सुरू झाला की तुझा हात आपोआप मोठा आवाज करणाऱ्याच्या बाजूनं वर जायला बघतो. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचा बघायला तुम्ही जात असालच, सांगलीतनं तासाभराचा रस्ता आहे. पुढच्या वेळी गेलास तर दहा मिनिटं बॉल सोड आणि नुसता रेफ्री बघ, तो कुठं पळतो, कुठं वळून बघतो, गॅलरी अंगावर आली की काय करतो. तिथं ना मॉनिटर ना रिप्ले. इंग्लंडमध्ये एवढी शिवीगाळ होऊन सुद्धा २०२४ ला व्हीएआर काढून टाकायचा ठराव मतदानाला आला तेव्हा वीस क्लबांपैकी फक्त एकानं, ज्यानं ठराव आणला त्या वुल्व्हजनंच, बाजूनं मत दिलं. शिव्या देणारे पण ते सोडायला तयार नाहीत.

आता मित्राचं काय करायचं. फोन करू नको, मेसेज तर अजिबात करू नको, आणि बाकीच्या चौघांपैकी कुणाला मधे घालून 'तो सॉरी म्हणतोय' असा निरोप पण पाठवू नको. घरी जा त्याच्या. एकटा जा. तोंडावर दार लावणार नाही, लावलं तर दुसऱ्या दिवशी परत जा. काय बोलायचं ते साधं आहे, गुडघ्याबद्दल जे बोललो ते हलकट बोललो, आणि सगळ्यांसमोर बोललो. बास. 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' असली जोडशेपटी लावू नको, वाईट वाटलंच आहे, असेल-नसेल काही नाही. 'रागाच्या भरात गेलं तोंडातनं' हे पण नको, कारण रागात माणूस नवीन काही बनवत नाही, आत असलेलंच बाहेर पडतं, हे त्याला पण कळतं. तो कदाचित विचारेल की तुम्हाला खरंच असं वाटतं का, मी पळू शकत नाही म्हणून ठेवलाय मला. त्याचं उत्तर जाण्याआधी स्वतःशी ठरवून जा. तिथं अडखळलास तर सगळं मुसळ केरात.

पेनल्टीचा विषय तू काढायचा नाही. त्यानं काढला आणि म्हणाला नव्हतीच, तर ऐकून घे, तेवढं एक दिवस जमेल. स्क्रीनशॉट फोनमधनं डिलीट कर म्हणत नाही मी, पण त्या घरात फोन खिशातच राहू दे.

आणि चारचौघांत बोललेलं चारचौघांतच परत घ्यावं लागतं, म्हणून सोमवारी गाड्यावर बाकीच्यांसमोर पण एकदा म्हण, तो आला असो वा नसो. भाषण नको, चहा सांगता सांगता म्हटलंस तरी चालेल. ग्रुपमध्ये त्याला लगेच परत ॲड करायची घाई करू नका, त्याला विचारा आणि मग करा. आणि तो परत आलाच तर पहिल्याच दिवशी 'वेलकम बॅक गोली' वगैरे मीम टाकणारा एक महाभाग प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याला आधीच दम देऊन ठेव.

सोमवारचा हिशोब बंद करा असं आई म्हणत असेल, मी नाही म्हणणार. भांडा की, त्याशिवाय वीकेंडला अर्थ काय. फक्त पहिला चहा संपेपर्यंत आपापल्या टीमबद्दलच बोलायचं आणि रेफ्री दुसऱ्या चहाला, एवढं करून बघा. दुसरा चहा ज्याची टीम हरली त्यानं पाजायचा ठेवला तर रेफ्रीवर बोलायला कोण किती उत्सुक आहे ते पण कळेल.

राहिली टुर्नामेंट. पत्र वाचताना एक गोष्ट मला खटकत राहिली, तुला मित्र परत पाहिजे का गोलकीपर परत पाहिजे हे शेवटपर्यंत कळत नाही. त्याच्याकडं जाशील त्या दिवशी टुर्नामेंटचा 'ट' पण काढू नको, नाहीतर त्याला वाटेल नाव द्यायची तारीख जवळ आली म्हणून आलाय, आणि त्याचं काही चुकणार नाही. तो नाहीच आला तर दुसरा कुणीतरी उभा राहील, हराल फार तर, एन्ट्री फी जाईल. आला तर त्याला आधी विचार की तुला कुठं खेळायचंय. दोन वर्षांत हे कुणी विचारलेलं नसणार. फाइव्ह-अ-साइडला मागं उभं राहून पास काढणारा माणूस पण लागतो, त्याला धावायला फार लागत नाही, डोकं लागतं, डॉक्टर हो म्हणाले तर तो ते करू शकेल. आणि म्हणाला मला गोलमध्येच बरं वाटतं, तर मग तुम्ही चौघं जरा मागं पळत जा बॉल गेल्यावर. तू पाठवलेल्या क्लिपच्या फोल्डरमध्ये तुमच्या टर्फवरची पण एक क्लिप चुकून आलीय, तीन जण समोरनं येतायत, तो एकटा आहे आणि तू हाफलाइनला कमरेवर हात ठेवून रेफ्रीकडं बघतोयस.